आखाडा आणि रुपेरी पडदा

दिवाळी आटोपली व धान कापणीस आलें कीं आमच्या भंडारा जिल्ह्यांत गांवोगांवीं मंडई भरूं लागते. दिवसां बाजार, खेळणीं आणि मिठाई. रात्रीं दंडार किंवा नाटक. झाडीपट्टीच्या या रंगभूमीवर जो गडी रात्रभर राजा होऊन तलवार गाजवितो, तोच पहांटे ओसरीवर घोंगडी पांघरून निजतो आणि दुसऱ्या दिवशीं विळा घेऊन बांधींत उतरतो. प्रेक्षकांस हें ठाऊक असतें. आणि ठाऊक असूनहि त्याच्या तलवारीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर त्यांचा श्वास अडकतो. उलट, नागपंचमीच्या सुमारास कोठें कुस्त्यांचा फड भरला म्हणजे तेथें सोंगाला जागा नसते. जो पडला तो पडला. त्याची पाठ मातीला लागली कीं नाहीं, हें पंचाप्रमाणेंच काठावर बसलेल्या पोरालाहि दिसतें.

सोंग आणि सामना या दोन्ही गोष्टी आम्हां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु सामन्यांत नांव मिळविलेला मनुष्य जेव्हां सोंगाच्या जगांत शिरतो, तेव्हां त्याचें काय होतें? त्याच्या विद्येचें काय होतें? आणि त्याला पाहणाऱ्या आमच्यासारख्यांनीं त्यापासून काय घ्यावें? चित्रपटांतील मारामारी पाहून येणारे विद्यार्थी "तो खराच इतका बलवान असतो काय?" असा प्रश्न वारंवार विचारतात. प्रश्न साधा दिसतो, पण त्याचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' या एका शब्दांत देतां येत नाहीं. म्हणून आज या विषयाचा थोडा क्रमवार विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जपानी ज्युदोकडे वळूं. कारण आमच्या प्रश्नाची गुरुकिल्ली त्या विद्येच्या रचनेंतच सांपडते. कानो जिगोरो नांवाच्या एका तरुण शिक्षकानें १८८२ सालीं टोकियो येथील एका बुद्धमंदिराच्या आवारांत 'कोदोकान' ही शाळा काढली. तेथें त्यानें जुन्या जुजुत्सु विद्येंतील घातक प्रकार नित्याच्या सरावांतून वगळून, जें शरीराला व मनाला वळण लावील तेवढें ठेविलें, आणि त्या विद्येस 'ज्युदो' म्हणजे 'मृदु मार्ग' असें नांव दिलें. प्रतिपक्षी ढकलूं लागला तर त्याला उलट न ढकलतां त्याच्याच जोराचा उपयोग करून त्यास पाडावें, हें त्याचें सार होय. कानो हे आयुष्यभर शिक्षकच राहिले. थोड्या श्रमांत अधिकांत अधिक कार्य साधावें, आणि आपल्याबरोबर दुसऱ्याचेंहि कल्याण करावें, हीं दोन तत्त्वें त्यांनीं आपल्या विद्येच्या पायाशीं घातलीं.

ज्युदोच्या शिक्षणाचे दोन भाग आहेत. एकास 'रांदोरी' म्हणतात. त्यांत दोघे खेळाडू मोकळेपणानें झुंजतात. कोण कोणता डाव टाकील हें आधीं ठरलेलें नसतें. दुसऱ्यास 'काता' म्हणतात. त्यांत कोणी धरावयाचें, कोणी फेंकावयाचें, पाऊल कोठें पडावयाचें, हें सर्व अगोदर ठरलेलें असतें. काता म्हणजे लबाडी नव्हे. डावाचें शुद्ध रूप डोळ्यांना दिसावें, तें पिढ्यान्‌पिढ्या टिकावें, एवढ्यासाठींच तो असतो. आणि मुख्य म्हणजे तो काता आहे हें करणाऱ्यास व पाहणाऱ्यास दोघांसहि ठाऊक असतें. वाचकांनीं हा भेद मनांत नीट धरून ठेवावा. पुढें त्याचा उपयोग पडणार आहे.

ज्युदो आणि आपली कुस्ती यांत नातें पुष्कळ आहे. आमच्या मल्लांची धोबीपछाड व ज्युदोंतील खांद्यावरून फेंकण्याचा डाव हीं जणूं सख्खीं भावंडें. धोब्यानें ओलें धुणें खांद्यावरून दगडावर आपटावें, तसा प्रतिपक्ष्याचा हात धरून, आपण वळून, कंबर खालीं घेऊन त्यास पुढें फेंकावयाचें, हीच दोहोंची रीति. दोन्ही खेळांत प्रतिपक्ष्याची पाठ जमिनीला लावण्यास मोठें मोल. फरक असेल तर तो भूमीचा. आम्हीं तेल, ताक व हळद घालून मऊ केलेली माती मानली, त्यांनीं गवताची चटई मानली. आणि आणखी एक. ज्युदोच्या शिष्यास पहिला धडा पाडण्याचा नसून पडण्याचा देतात. हनुवटी छातीशीं घ्यावी, पाठ कमानीसारखी गोल करावी, आणि अंग टेंकण्याच्या क्षणीं तळवा व बाहु जमिनीवर आपटावा. म्हणजे आघात एके ठिकाणीं न सांचतां सर्वत्र पसरतो. जो पडण्यास शिकला नाहीं त्याला पाडण्याचा अधिकार नाहीं, असेंच जणूं ही विद्या सांगते.

या ज्युदोवर चित्रपटाची दृष्टि लवकरच गेली. १९४३ सालीं अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकानें आपला पहिलाच चित्रपट 'सान्शिरो सुगाता' काढला. त्यांतील नायक अंगांत बळ असलेला पण मनाला लगाम नसलेला एक तरुण ज्युदोशिष्य आहे. रस्त्यांत मारामारी करून आल्याबद्दल गुरु त्याची कानउघाडणी करतात, तेव्हां तो हट्टानें तळ्याच्या गार पाण्यांत उडी घेऊन रात्रभर उभा राहतो, आणि पहांटे समोर उमललेलें कमळ पाहून त्याचे डोळे उघडतात. चित्रपटांत झुंजी आहेतच. परंतु त्या सर्वांचा कणा ही तळ्यांतील एक रात्र आहे. शक्तीची कथा सांगतांना संयमाची कथा सांगितली नाहीं तर ती कथा अर्धीच राहते, हें त्या दिग्दर्शकानें ओळखलें होतें.

आतां खऱ्या वीरांकडे येऊं. हॉलंडचा अँटन गेसिंक हा धिप्पाड पुरुष १९६१ सालीं पॅरिस येथें ज्युदोचा जगज्जेता झाला. तोंपर्यंत ही पदवी जपानबाहेर कोणी नेली नव्हती. १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिक क्रीडोत्सवांत ज्युदोचा प्रथमच समावेश झाला. सर्व वजनांना खुल्या असलेल्या गटाच्या अंतिम सामन्यांत गेसिंकनें जपानच्या कामिनागाला त्याच्याच देशबांधवांसमक्ष हरविलें. त्या वेळीं आनंदानें बेभान झालेले कांहीं डच पाठीराखे चटईकडे धांवले. परंतु गेसिंकनें हात वर करून त्यांस तेथेंच थांबविलें. हरलेल्या प्रतिपक्ष्यास वांकून नमस्कार करण्याचें कर्तव्य अजून उरलें होतें. पराभूत राष्ट्रानें त्या एका हाताच्या इशाऱ्यास त्याच्या विजयाहूनहि अधिक मान दिला.

पुढच्याच वर्षीं, १९६५ सालीं, हाच गेसिंक पवित्र शास्त्रांतील कथेवरील एका चित्रपटांत शमशोन झाला. शमशोनाची कथा आमच्या शाळेंतील विद्यार्थ्यांस नव्यानें सांगावयास नको. बळ हें देणगी म्हणून मिळालेलें; तें मोहापायीं गेलें; आणि शेवटीं आंधळ्या झालेल्या त्या वीरानें मंदिराचे खांब कवेंत घेऊन तें पाडलें. चटईवर कामिनागाला धरून ठेवणारा गेसिंक खरा होता; पडद्यावर खांब पाडणारा गेसिंक सोंगाचा होता. तरीसुद्धां त्या भूमिकेसाठीं त्याचीच निवड झाली, कारण खांबाला हात लावण्यापूर्वींच 'हा पाडूं शकेल' असा विश्वास त्याच्या खांद्यांकडे पाहूनच प्रेक्षकांस वाटला असता. मल्लास चित्रपटांत जें मोल येतें, तें या विश्वासाचें. तो त्यानें पडद्यावर कमाविलेला नसतो, मैदानावरून बरोबर आणलेला असतो.

हाच प्रकार त्यापूर्वीं पोहण्याच्या बाबतींत घडला होता. अमेरिकेचा जॉनी वाइसमुलर यानें १९२४ व १९२८ च्या ऑलिंपिकमध्यें पोहण्याचीं पांच सुवर्णपदकें मिळविलीं, आणि १९३२ सालीं तो पडद्यावर टारझन झाला. पुढें १९४८ पर्यंत त्यानें तीच भूमिका बारा चित्रपटांत केली. अमेरिकेंतीलच जीन लेबेल हा १९५४ व १९५५ सालचा राष्ट्रीय ज्युदोविजेता. त्यानेंहि चित्रपटसृष्टींत आयुष्य काढलें, पण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जागीं उड्या घेणारा व दुसऱ्याकडून मार खाणारा म्हणून. वाइसमुलरचें नांव पोरांच्या तोंडीं झालें. लेबेलसारख्यांचें नांव चित्रपटाच्या शेवटीं सरकणाऱ्या बारीक अक्षरांतच राहतें. पण नायकाच्या ठोशाला ज्याच्या पडण्यानें अर्थ येतो, तो हा दुसरा मनुष्य होय, हें विसरतां कामा नये.

ही परंपरा आपल्या महाराष्ट्रांतहि जुनी आहे. मूकपटांच्या काळीं मास्टर विठ्ठल हें नांव तलवारबाजी, घोडदौड व उड्या यांसाठीं घरोघर झालें होतें. नाटकमंडळींतून आलेला हा मराठी नट प्रथम कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत आणि नंतर मुंबईच्या शारदा कंपनींत चमकला. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट झळकला, तेव्हां त्याचा नायक मास्टर विठ्ठलच होता. त्याच्या करारावरून दोन कंपन्यांत कोर्टकज्जा झाला, आणि त्याच्या बाजूनें बॅरिस्टर जीना उभे राहिले, एवढें त्याचें मोल होतें. परंतु दैवाचा खेळ पाहा! पडदा बोलूं लागला, आणि विठ्ठलची हिंदुस्थानी कच्ची निघाली. म्हणून त्या पहिल्या बोलपटाच्या नायकास पुष्कळसा वेळ गुंगींत असलेल्या तरुणाचें काम देऊन संवाद टाळावे लागले, असें सांगतात. ज्याचें सारें अंग बोलत असे, त्याची जीभ ऐन वेळीं अडली. एका विद्येंतील प्रभुत्व दुसऱ्या विद्येचें शिक्षण माफ करीत नाहीं, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

पुढें १९३३ सालीं जे. बी. एच. वाडिया व होमी वाडिया या बंधूंनीं वाडिया मूव्हीटोन काढली, आणि साहसपटांस मुंबईंत जणूं स्वतंत्र दालनच उघडलें. १९३५ च्या 'हंटरवाली'नें नादिया या मूळच्या ऑस्ट्रेलियांत जन्मलेल्या नटीस देशभर प्रसिद्धि दिली. स्त्रीनें चाबूक हातीं घेऊन दुष्टांस शासन करावें, हें दृश्य त्या काळच्या प्रेक्षकांस नवें होतें. मुलींनाहि बळ शोभतें, हा विचार तिनें व्याख्यान न देतां पसरविला. व्यायामानें शरीर कमाविलेला जॉन कावस हाहि याच कंपनींत पुढें आला, आणि १९३७ च्या 'तूफानी टारझन'चा नायक झाला.

परंतु आखाड्यांतून थेट पडद्यावर जाऊन दोन्हीकडे शिखर गांठणारा पुरुष म्हटला म्हणजे दारासिंग यांचेंच नांव घ्यावें लागतें. त्यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८ रोजीं अमृतसर जिल्ह्यांतील धरमूचक गांवीं एका शेतकरी कुटुंबांत झाला. १९४७ च्या सुमारास ते पोटासाठीं सिंगापूरला गेले, तेथें कारखान्यांत काम करतां करतां गुरु हरनामसिंग यांजपाशीं कुस्तीचे धडे घेतले, आणि पूर्वेकडील देशांत नांव करून स्वदेशीं परतले. १९५४ सालीं ते 'रुस्तुम-ए-हिंद' झाले. १९५९ सालीं कलकत्त्यास जॉर्ज गॉर्डिएंको यास हरवून त्यांनीं राष्ट्रकुलाची पदवी मिळविली, आणि १९६८ सालीं मुंबईंत लू थेझ या नामांकित अमेरिकन मल्लावर विजय मिळविला. किंग काँग या नांवानें प्रसिद्ध असलेल्या अजस्र मल्लाशीं झालेल्या त्यांच्या झुंजींच्या गोष्टी खेड्यापाड्यांतून अजून सांगितल्या जातात.

चित्रपटांत त्यांचा प्रवेश १९५२ च्या 'संगदिल'मधील एका लहानशा कामानें झाला. खरें पर्व सुरू झालें तें १९६२ सालीं बाबूभाई मिस्त्री यांच्या 'किंग काँग' या चित्रपटानें. ज्या प्रतिमल्लाशीं झुंजून नांव झालें, त्याच्याच नांवाचा चित्रपट निघावा, यांत व्यापाऱ्याची दूरदृष्टि स्पष्ट दिसते. १९६३ चा 'फौलाद', १९६५ चा 'सिकंदर-ए-आझम' असे एकामागून एक चित्रपट आले. मोठ्या शहरांतील जाणते टीकाकार या चित्रपटांकडे नाक मुरडून पाहत. लहान गांवांतील तंबूंत मात्र त्यांस गर्दी होई. १९७६ सालीं 'बजरंगबली'मध्यें ते हनुमान झाले, आणि १९८७ सालीं दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेंत त्यांनीं तीच भूमिका केली, तेव्हां त्यांचें वय ५८ वर्षांचें होतें. मल्लाच्या दृष्टीनें हें निवृत्तीचें वय. १९८३ सालींच त्यांनीं कुस्ती सोडली होती. तरीहि त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत गाजलेली भूमिका ती हीच.

असें कां झालें? आम्हांस त्याचें कारण असें दिसतें. आपल्या देशांत जेथें जेथें आखाडा आहे, तेथें तेथें बहुधा कोपऱ्यांत मारुतीची मूर्ति असते. मल्ल मातीला व मारुतीला वंदन करूनच लंगोट कसतो. ज्या देवापुढें दारासिंगांनीं तरुणपणीं मस्तक नमविलें, त्याचीच भूमिका त्यांनीं उतारवयांत केली. दंड सैल झाले असतील. पण बलवानाचें सेवकपण, हात जोडून उभें राहण्यांतील विनय, हा त्यांस कोणी नव्यानें शिकविण्याची गरज नव्हती. बळ दाखविणें सोपें असतें. बळ असून नम्र असणें दाखविण्यास तें अगोदर अंगीं मुरावें लागतें. पुढें २००३ ते २००९ पर्यंत ते राज्यसभेचे नियुक्त सभासद होते, आणि १२ जुलै २०१२ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

आतां विद्यार्थ्यांच्या मूळ प्रश्नाकडे येऊं. पडद्यावरची मारामारी होते तरी कशी? छायाचित्रकाच्या भिंगास एकच डोळा असतो, म्हणून त्यास खोलीची जाण नसते. ठोसा गालापासून वीतभर दूरून गेला तरी, मूठ व गाल भिंगाच्या एका रेषेंत असले म्हणजे तो लागल्यासारखाच दिसतो. मात्र मार खाणाऱ्यानें त्याच निमिषांत मान फिरविली पाहिजे. ध्वनि मागाहून जोडतात. चित्रपटाच्या फितीवर सेकंदास २४ चित्रें दाखवितात. तींच घेतांना २० घेतलीं, तर दाखवितांना हालचाल एक पंचमांशानें जलद भासते. उंच फेंकला जाणारा मनुष्य बहुतेक स्वतःच उडी घेतो. फेंकणारा केवळ दिशा देतो. खाली जाड गाद्या असतात, आणि एकच पडणें सहा-सात वेळा करावें लागतें.

यावरून ध्यानांत येईल कीं, आखाड्यांतून पडद्यावर येणाऱ्या मल्लास पुष्कळसें शिकलेलें विसरावें लागतें. पहिलवान आपला डाव लपवितो. नटास तो दाखवावा लागतो. पहिलवानाचा प्रतिपक्षी त्यास हाणून पाडूं पाहतो; नटाचा प्रतिपक्षी हा त्याचा साथीदार असून त्याला दुखापत होऊं नये ही दोघांची जबाबदारी असते. पहिलवानास जिंकण्याची संवय असते. नटास हरणेंहि खरें वाटेल असें हरतां आलें पाहिजे. ज्युदोच्या भाषेंत बोलावयाचें तर, रांदोरींत मुरलेल्या मनुष्यास आयुष्याचा उत्तरार्ध कात्यांत घालवावा लागतो. तें कमी दर्जाचें काम आहे असें नव्हे. पण तें निराळें काम आहे.

संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या आपल्या पत्रांत धांवण्याच्या शर्यतीची व मुष्टियुद्धाची उपमा घेतली आहे, आणि आपण वाऱ्यावर मुठी मारणाऱ्यांपैकीं नव्हे, असा भाव तेथें व्यक्त केला आहे. पडद्यावरचा मल्ल अक्षरशः वाऱ्यावर मुठी मारतो. मग त्याचें सारें करणें व्यर्थ समजावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आमचें भंडारा पितळेच्या भांड्यांसाठीं पूर्वापार प्रसिद्ध आहे. चांगल्या कारागिराच्या हातचा पितळेचा हंडा घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, आणि त्याला कोणी नांवें ठेवीत नाहीं. 'पितळ उघडें पडलें' असें आपण म्हणतों तें पितळ वाईट म्हणून नव्हे, तर तें सोनें म्हणून मिरविलें गेलें म्हणून. चित्रपटांतील झुंज ही पितळ आहे. ती झुंजीचें चित्र म्हणून दाखविली, चित्र म्हणून पाहिली, तर तिच्यांत लबाडी कोणतीच नाहीं. दंडारींतल्या राजाप्रमाणें तिचा आनंद निर्दोष आहे.

दोष शिरतो तो हा भेद पुसला जातो तेव्हां. पाश्चात्य देशांत पैशासाठीं होणाऱ्या कुस्तीच्या खेळांत पुष्कळदां निकाल आधीं ठरलेला असतो. १९८९ सालीं अमेरिकेंतील अशा एका मोठ्या कंपनीच्या प्रतिनिधींनीं न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढें आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक असल्याचें कबूल केलें, तेव्हां कोठें अनेकांचें पितळ उघडें पडलें. आणि दुसरा दोष प्रेक्षकाचा. पडद्यावरची उडी पाहून घराच्या माळवदावरून उडी घेणारा मुलगा गाद्या विसरतो, साथीदार विसरतो, सहा वेळा केलेला सराव विसरतो. त्याला दिसते ती सातवी वेळ. मोडलेला हात मात्र सोंगाचा नसतो.

तिसरा दोष समाजाचा आहे, आणि तोच आम्हांस सर्वांत अधिक बोंचतो. ज्या काळांत दारासिंगांचें नांव गाजूं लागलें, त्याच काळांत आमच्या महाराष्ट्राच्या एका पुत्रानें जगाच्या मैदानावर खरीखुरी कुस्ती मारली होती. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता, तेव्हां गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं त्या खेपेस कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारतास मिळालेलें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. कऱ्हाडास शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि खाशाबांनीं पुढें काय केलें? कुस्त्यांचे फड भरवून, त्यांतून आलेल्या पैशानें गुरूचें घर सोडवून दिलें.

नंतर १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार म्हणून रुजू झाले, आणि सारा जन्म त्या नोकरींत घालविला. त्यांच्यासाठीं चित्रपटाचीं दारें उघडलीं नाहींत, कीं मोठ्या इनामाचे फड भरले नाहींत. १९८४ सालीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. देशानें त्यांस अर्जुन पुरस्कार दिला तो मरणोत्तर. त्यांच्यानंतर भारतास दुसरें वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. मध्यें ४४ वर्षें गेलीं. जो समाज चित्राला डोक्यावर घेतो आणि मूळ वस्तूला विसरतो, त्याच्या मैदानांत अशीं ओसाड वर्षें यावीं यांत नवल तें काय?

येथें कोणी असा गैरसमज करून घेऊं नये कीं आम्ही दारासिंगांना लहान करूं पाहतों. त्यांनीं आखाड्यांत घाम गाळला म्हणूनच पडद्यावर त्यांच्या दंडांवर विश्वास बसला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पडद्यावरचा प्रकाश हा चंद्राच्या प्रकाशासारखा आहे. तो सुंदर असतो, पण स्वतःचा नसतो. कोठेंतरी सूर्य तळपत असला तरच तो पडतो. गेसिंकच्या शमशोनामागें टोकियोची चटई होती. वाइसमुलरच्या टारझनमागें तलावांतील पहांटा होत्या. दारासिंगांच्या हनुमानामागें सिंगापुरांतला कारखाना आणि गुरूची माती होती. आधीं पडदा गांठूं, मग बळ कमावूं, असा उलटा क्रम यांपैकीं कोणाचाहि नाहीं.

आणखी एक गोष्ट तरुणांनीं लक्षांत घ्यावी. शरीराचें बळ ही मुदतीची ठेव आहे. मल्लाचीं उमेदीचीं वर्षें दहा, फार तर पंधरा. त्यापुढें चाळीस वर्षें जगावयाचें असतें. कोणी त्या काळांत नट होईल, कोणी फौजदार, कोणी तालमींतला वस्ताद, कोणी शेतकरी. उत्तरार्ध कोणता मिळेल हें आपल्या हातीं थोडेंच आहे. परंतु मैदानांतून काय बरोबर न्यावयाचें हें मात्र आपल्या हातीं आहे. मास्टर विठ्ठलच्या उदाहरणावरून भाषा शिकावी. लेबेलच्या उदाहरणावरून दुसऱ्यासाठीं पडण्यास शिकावें. गेसिंकपासून जिंकल्यावर हात वर करून आपल्याच माणसांस थोपविण्यास शिकावें. आणि खाशाबांपासून गुरूचें ऋण फेडण्यास.

म्हणून पुढील मंडईंत दंडार पाहतांना मनसोक्त टाळ्या वाजवा. चित्रपटांत नायकानें दहा जणांना लोळविलें तर खुशाल हंसा. परंतु दुसऱ्या दिवशीं पहांटे उठून, गांवच्या आखाड्यांत माती उकरणारें एखादें अनोळखी पोर दिसलें, तर क्षणभर तेथेंहि थांबा. त्याला कोणी टाळी देत नाहीं, त्याच्यावर कोणी प्रकाश टाकीत नाहीं. तरी त्याच्या अंगावरचा घाम खरा आहे, त्याचें पडणें खरें आहे, आणि पडून पुन्हा उठणें त्याहून खरें आहे. त्याचें नांव विचारून घ्या, एवढीच आमची आमच्या वाचकांस विनंति आहे.